भोंग्यातले मोठेबाबा

आमच्या घरात मोठेबाबा दोनदा वारले. पहिल्यांदा वयानं आणि दुसऱ्यांदा माझ्या हातानं.

घाबरू नका, भानगड पोलिसांची नाही. मी शिकलेला माणूस आहे, सगळं सरळ सांगतो.

हिवरखेडला आमची झेंडू-शेवंतीची शेती. या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. मंगेश, बी. ई. मेकॅनिकल, अमरावती. (हे मी अधूनमधून पुन्हा सांगणार आहे. तुमच्या सात पिढ्या शिकलेल्या असतील तर तुम्हाला खटकेल. आमच्याकडे मीच पहिला, तेव्हा सोसा.) पदवी घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी प्रमाणपत्राची फ्रेम भिंतीवर टांगली आणि तिला झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. माय किंचाळली, "अवो, काढा तो! पोरगं जित्तं हाय अजून!" आनंद असो, दुःख असो की विहिरीवर बसवलेली नवी मोटर असो, हार घातल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चैन पडत नाही. घरचा माल आहे ना!

अकोल्याच्या एका दाल मिलमध्ये मला नोकरी लागली. बिघडलेल्या मशिनी सुरू करायच्या, सुरू असलेल्या बिघडू द्यायच्या नाहीत. काम चांगलं होतं, पण गावात त्याला वजन नव्हतं. चौकात कुणीतरी बाबांना विचारायचंच, "काहो, तुमचा मंग्या एवढा शिकला, आन डाळच दयून राहिला का?" बाबा घरी येऊन भिंतीवरची फ्रेम तेवढी पुसायचे. ते बघून वाटायचं, एकदा तरी या गावाला दाखवायचं, की शिकलेलं पोरगं काय चीज असतं!

आणि मोबाइलवर मला ती बातमी दिसली. गुजरातेत, कच्छकडे, मिठाचं पांढरं वाळवंट आहे. तिथे काही हौशी मंडळी जमतात आणि स्वतःच्या हातानं बनवलेल्या मोटरसायकली पळवतात. वळण नाही, चढ नाही. नाकासमोर सरळ, जितकं जोरात जाता येईल तितकं. अट एकच: तुमची गाडी तुमच्याच इंजिनावर सरळ धावते, असा व्हिडिओ दसऱ्यापर्यंत पाठवा.

पेट्रोलवर तर कुणीही पळेल. मी ठरवलं, आपली टर्बाइनवर पळवायची. जेट! विमानासारखी! तीही हिवरखेडहून!

आता मोठेबाबा. हे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर ट्रक चालवला. इथली संत्री घेऊन पार कलकत्त्यापर्यंत जायचे. घरी आले तरी जेमतेम टेकायचे, की पुन्हा ट्रिप. एवढे घाट उतरले, अंगावर कधी ओरखडा नाही, आणि गेले ते मात्र घरी, दुपारच्या झोपेत. त्यांची बायको म्हणजे आमची मोठमाय. तिनंच मला खेळवलं, वाढवलं. ती चहा घेऊन गेली, तर मोठेबाबा शांत पडलेले आणि उशाशी टॉवेलची चौकोनी घडी. ट्रिपला निघताना ते अशीच घडी घालून टॉवेल खांद्यावर टाकायचे. कुणाला एक शब्द न बोलता निघून गेले. मोठमाय त्यानंतर रडली नाही. रागावली. पुढेही कुणी विषय काढला तर म्हणायची, "सांगून तं जायाचं होतं."

त्यांचा ट्रक शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. चाकांमधून बाभळी उगवल्या होत्या. त्या ट्रकमध्ये मला हवी असलेली वस्तू होती: टर्बो. गोगलगाईच्या कवचासारखा बिडाचा डबा असतो हा. आत एकाच दांड्यावर दोन चाकं. एक हवा ओढतं, दुसरं धुराच्या जोरावर फिरतं. या दोघांच्या मध्ये लोखंडी नळकांडं बसवून त्यात गॅस पेटवला, की त्याच डब्याचं लहानसं जेट इंजिन होतं.

मोठमायला विचारायला गेलो. ती झेंडूची फुलं निवडत बसली होती.

"मोठमाय, ट्रकमंधला एक डबा पायजे मले."

"काहाले?"

"गाडी बनवून राहिलो. विमानावानी पयते ते."

तिनं धुऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ने. तसंई एका जागी बसनं त्याईले कधी जमलंच नाई."

'त्याईले' म्हणजे नक्की कुणाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गाडी बांधायला आमचं फुलांचं शेड घेतलं आणि सोबतीला अस्लम. अस्लम माझा शाळेपासूनचा दोस्त. गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्याच्याबद्दल गिऱ्हाइकांची एकच तक्रार: जोडायचं ते सोडून बाकी सगळं जोडतो. आम्ही दोन भंगार मोटरसायकली, एका लोखंडी खाटेचे पाइप आणि फवारणीच्या औषधाचा निळा ड्रम यांचं मिळून एक लांबलचक, बुटकं प्रकरण उभं केलं. त्यावर पालथं झोपून चालवायचं. बघणाऱ्याला वाटावं, तिरडीला चाकं लावली आहेत.

"मंग्या," अस्लम म्हणाला, "ये उडेगी तो नहीं ना?"

"उडत नाई बे. पयते."

"मग तू पालथा काहून झोपून राहिला?"

"हवा कापाले."

"मले तं वाटलं, लोकाईले तोंड दाखवाले नको म्हून."

टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर घंटेच्या आकाराचं रुंद तोंड बसवावं लागतं, असं पुस्तकात होतं. अस्लमच्या भंगारात मला लाउडस्पीकरचा जुना भोंगा सापडला. माप एकदम बरोबर! माझ्या आतापर्यंतच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात हुशार कल्पना. घातही तिथूनच झाला.

भोंगा बसवला त्याच संध्याकाळची गोष्ट. दिवेलागण झाली होती. बाबा शेवंतीच्या जुड्या बांधत होते, माय दिव्यात तेल घालत होती, मोठमाय सुतळी सोडवत होती. सातपुड्याकडून वारा सुटला. शेडचे पत्रे कुरकुरले. वासरू दाव्याला हिसका देऊन उभं राहिलं. आणि मग शेडच्या पलीकडच्या टोकाला, जिथे अंधारात गाडी उभी होती, तिथे कुणीतरी घसा साफ केला.

"खर्र... खर्र... हूंऽऽऽ."

मोठेबाबांचा खोकला आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होता. दोनदा खर्र आणि मग हूं. ट्रिपहून परतले की आधी तो खोकला दारातून आत यायचा, मागून ते.

बाबांच्या हातातली जुडी सुटून फुलं जमिनीवर पसरली.

"दादा?" ते म्हणाले.

"हूंऽऽऽ," शेडचा कोपरा म्हणाला.

मायनं झटकन डोक्यावर पदर ओढला. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती उघड्या डोक्यानं कधी गेली नव्हती, मेल्यावर तरी कशी जाईल?

पण मी बी. ई. मेकॅनिकल! मी गडगडाटी आवाजात (म्हणजे आवाज कापू नये म्हणून मोठ्यानं) समजावून सांगितलं: वारा भोंग्यात शिरतो, आतलं चाक फिरतं, बेअरिंग कोरडं आहे म्हणून आधी खर्र होतं, मग चाक वेगात आलं की हूं होतं, आणि भोंग्यामुळे ते दहापट मोठं ऐकू येतं. साधं विज्ञान आहे!

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाबांनी मान डोलावली.

"हाव. समजलं. पन दादाच हायेत ना?"

"बाबा, वारा हाय तो!"

"मंग वाऱ्याले दादाचा खोकला कोनं शिकवला?"

मी उठून पुस्तक शोधायला गेलो.

पुढच्या शनिवारी अकोल्याहून आलो तर गाडीसमोर पाट मांडलेला. पाटावर चहाचा कप, बशीनं झाकलेला. बाजूला विडीचा कट्टा.

"चाय कोनाचा?" मी मायला विचारलं.

"श्श! हयू बोल. भासऱ्याईचा हाय. साखर जास्त टाकली, आवडे त्याईले."

"माय, तो टर्बो हाय!"

"असन. टर्बोनं काय चाय पिऊ नाई?"

त्याच्या पुढच्या शनिवारी शेडमध्ये सतरंजी आली होती. गल्लीतल्या बाया भोंग्यासमोर बसून प्रश्न विचारत होत्या. सुनेला दिवस जातील का? (हूंऽऽ.) हरवलेली म्हैस बाळापूरच्या बाजूनं गेली का? (शांतता. म्हणजे नाही. आणि म्हैस खरंच दुसरीकडे सापडली! त्यामुळे माझी बाजू फारच लंगडी पडली.) बाबा तर रोज भोंग्याला विचारल्याशिवाय फुलं अकोल्याच्या बाजारात पाठवेनात. "दादा, उद्या धाडू का थांबू?" वारा असला की माल जायचा. नसला की थांबायचा. बाबांच्या धंद्याचं बस्तान पूर्वीपेक्षा बरं बसलं, हे मला कबूल करावं लागतं.

मी वाळवंटात जायचं स्वप्न बघत होतो आणि माझ्या गाडीनं गावात दरबार भरवला होता!

पण खरी गोष्ट मोठमायची. बाकीचे गेले, की ती यायची. सतरंजीच्या काठावर बसायची आणि दिवसभरात काय झालं ते भोंग्याला सांगायची. कुणाकडे बारसं झालं, विहिरीला पाणी किती आहे, गुडघा कसा दुखतो. मधूनच भोंगा "हूं" करायचा. ती थांबायची, मान हलवायची, पुढे सांगायची. एकदा मी खांबाआड उभा राहून ऐकलं. ती म्हणत होती, "जित्तेपनी एवढी गोठ कधी आयकली का तुमी? आता बसा. आता कोनती ट्रिप हाय?"

आणि तिचा चेहरा तर काय सांगू! मोठेबाबा गेल्यापासून आवळलेल्या मुठीसारखा झालेला तो चेहरा सैल पडला होता.

मी हळूच मागे सरकलो. दसरा जवळ येत चालला होता. मला इंजिन पेटवायचं होतं.

आधी एक युक्ती केली. आवाजच बंद केला तर भ्रम जाईल, म्हणून रविवारी सकाळी मोठेबाबांच्याच ट्रकमध्ये सापडलेला एक जुना टॉवेल भोंग्यात कोंबला. चांगला बोळा करून, अंगठ्यानं दाबून दाबून. दुपारी अस्लम आला. आम्ही शेडचं दार उघडलं. दुपारचं पांढरं ऊन पत्र्याच्या भोकांतून आत उतरलं होतं. गाडी जागच्या जागी. भोंगा मोकळा. आणि टॉवेल गाडीच्या सीटवर होता. चौकोनी घडी घातलेला.

मी मायला विचारलं. नाही. बाबांना विचारलं. उलट तेच भडकले, "दादाचं तोंड दाबतं का, हरामखोरा?" मोठमायला विचारलं, तर ती नुसती हसली. तिचं ते हसणं टॉवेलपेक्षा भयंकर होतं.

"उंदीर असन," मी अस्लमला म्हणालो.

"हाव," अस्लम मागे सरकत म्हणाला. "लॉन्ड्रीवाला उंदीर असन. मी निघतो, दुकान उघडं हाय." (त्याच्या दुकानाला तेव्हा कुलूप होतं. मी येताना बघितलं होतं.)

शेवटी एका संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. दसऱ्याच्या आत गाडी पेटवून पळवायची आहे. व्हिडिओ पाठवायचा आहे. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

बाबांनी ताट बाजूला सारलं.

"पेटवतं म्हंजे?"

"आत गॅस सोडतो, ठिणगी देतो. मंग जाळ होते..."

"एक खेप त्याईले आगडाग देल्ला आमी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मायनं भांडी वाजवायची थांबवली. "आता घरातल्या घरात तू त्याईले दुसऱ्यांदा आगीत जायतं? याच्यासाठी शिकवलं तुले?"

टर्बोत आत्मा नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण ज्या माणसानं माझ्या प्रमाणपत्राला हार घातला त्याला ते कोणत्या तोंडानं सांगू? आणि एकदा जाळ झाला, चाकांवर काजळी बसली, की तो आवाज तसा राहणार नव्हता, हेही मला पक्कं माहीत होतं. म्हणजे एका बाजूला माझं वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला मोठमायची सतरंजी.

मोठमायनं हात धुतले. "मी विचारतो त्याईले," ती म्हणाली आणि शेडकडे चालू लागली. आम्ही सगळे मागून.

त्या संध्याकाळी वारा नव्हता. अजिबात. तुरीचा एक शेंडा हलत नव्हता. धूर सरळ वर जाऊन तिथेच थांबला होता. रातकिडे ओरडायला लागले होते ते आम्ही आत शिरताच बंद झाले. मी टॉर्च मारून भोंग्यात बघितलं. चाक एकदम स्थिर. मी थुंकी लावून बोट वर धरलं. (शिकलेल्या माणसानं मोजमाप सोडू नये.) कुठूनच गार लागलं नाही. मला हायसं वाटलं. आवाज येणार नाही, सगळ्यांची समजूत पटेल, आणि हा खेळ एकदाचा संपेल!

मोठमाय भोंग्यासमोर बसली.

"पोरगं वायवंटात घेऊन जातो म्हनते तुमाले. लंबी ट्रिप हाय. जाता का?"

आम्ही उभे. वासराचं रवंथ थांबलं होतं.

टॉर्चच्या उजेडात मला दिसलं, की चाकाचं एक पातं सरकलं. मग दुसरं. अगदी हळू, झोपेतून उठलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. माझं बोट अजून वर होतं. वारा नव्हता.

"हूं."

एकदाच. खोकला नाही, खर्र नाही.

"हाव म्हनते," मोठमाय उठत म्हणाली. "जाऊ दे त्याईले. तसंई लय दिवस टिकले या खेपेले."

(हे चाक कशानं फिरलं, ते मला आजही माहीत नाही. बी. ई.ला हा धडा नव्हता. कुणी तज्ज्ञांनी कळवल्यास आभारी राहीन.)

नवमीला दुपारी गाडी बाहेर काढली. आमच्या गावाहून पूर्वी छोटी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उचलून नेले आणि मागे मुरमाची सरळसोट वाट राहिली. आता तिथे फक्त बाभळी आणि पलीकडे एक रिकामं स्टेशन, ज्याच्या भिंतीवरचं नाव उन्हानं पुसून टाकलं आहे. जोरात जायला याहून बरी जागा नव्हती. अख्खं गाव दोन्ही बाजूंना उभं. नवमी म्हणजे हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस, तेव्हा पूजा आलीच. मोठमायनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि मग टोपलीतून तिनं हार काढला. आमच्याच शेतातला झेंडू, मांडीएवढा जाड. तो तिनं भोंग्याच्या तोंडाभोवती घातला. असा बसला, जणू मापानंच ओवला होता.

हवा ओढणाऱ्या तोंडासमोर काय ठेवू नये, यावर मला परीक्षेत प्रश्न आला होता. त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

"मोठमाय," मी म्हणालो, "हार मांगच्या बाजूनं घालू."

"मांगून? मान्साले हार मांगून घालतेत का बापा? दर ट्रिपले ट्रकच्या तोंडालेच घातला मी!"

गाव म्हणालं, बरोबर आहे. बाबा म्हणाले, हात लावशील तर याद राख. अस्लम लांबून म्हणाला, "रहने दे मंग्या, क्या होता!" मोठमायचे हात हारावरून फिरत होते. फुलं सारखी करत होती. तो हार काढणं माझ्या हातून होईना. मग मी अभियांत्रिकी उपाय केला. हार सुतळीनं करकचून बांधला आणि मनाशी म्हणालो, ताण सहन होईल. कोणता ताण, किती, हे मोजलं नाही. आमच्या शेतात सुतळी तुटल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर लावून आम्ही चाक फिरवलं. अस्लमनं गॅस सोडला. मी ठिणगी दिली. आत फक्क करून जाळ धरला आणि भोंग्यातला तो ओळखीचा "हूं" चढत गेला. हूं, मग हीं, मग असा काही लांबलचक टाहो, की बाभळींवरचे पक्षी एका झटक्यात उठून गेले आणि लांब कुठेतरी कुत्री रडायला लागली. लोक कान दाबून मागे सरकले. बायांनी हात जोडले.

मी पालथा झोपलो. गाडी हलली!

बाबा बाजूनं चालत होते. "सावकाश जायजो!" ते ओरडले. (वेगाच्या शर्यतीच्या गाडीला!) मग ते भरभर चालायला लागले. मग पळायला लागले. मग मागे पडले! मी बाबांना मागे टाकलं! माझ्या वेगाचा हा पहिला आणि आजवरचा एकमेव अधिकृत पुरावा.

मुरूम चाकांखालून सरसरत होता. इंजिनचा आवाज खरं तर मागे राहायला हवा होता. पण तो मला खांद्यावरून ऐकू येत होता, अगदी कानाशी, मागे बसलेला माणूस काही सांगत असावा तसा. शब्द कळत नव्हते. कळले तर बरं, असंही वाटत नव्हतं. रिकाम्या स्टेशनच्या दारातला अंधार मला समोरून जवळ येताना दिसत होता.

तेवढ्यात सुतळी तुटली.

हार भोंग्यावरून सुटला आणि बिळात शिरणाऱ्या सापासारखा सरसर आत गेला. क्षणभर सगळं बंद. आवाज नाही, जाळ नाही. आणि मग...

"खर्र! खर्र!"

अख्ख्या शिवाराला ऐकू गेलं. मागच्या नळकांड्यातून पेटत्या पाकळ्यांचा भलामोठा लोट निघाला, लाल-केशरी, आणि त्याच्यामागून "हूंऽऽऽऽ." हा मात्र लांबत गेला. बारीक होत गेला. ट्रक घाटाचं वळण घेऊन पलीकडे उतरावा तसा.

मग काहीच नाही.

गाडी आपली चालतच राहिली. इंजिन मेलेलं, आवाज नाही, आणि वरून जळक्या पाकळ्या संथ खाली येत होत्या. सगळीकडे करपलेल्या झेंडूचा वास. माझ्या खांद्यावर वजन होतं. हात ठेवावा तसं. गाडी स्टेशन ओलांडून हळूहळू एका बाभळीला जाऊन टेकली, कुणी आणून लावावी तशी. खांद्यावर हाराचा उरलेला तुकडा होता. म्हणजे नंतर बघितलं तेव्हा होता. ताबडतोब बघायची माझी छाती झाली नाही.

अस्लमनं काढलेल्या व्हिडिओत सुरुवातीला थोडी गाडी आहे, मग भडका, आणि उरलेला सगळा वेळ अस्लमच्या पळणाऱ्या चपला. वाळवंटवाल्यांना काय पाठवणार? टर्बोची पाती मुळापासून उडालेली. पुन्हा बांधायची तर दसरा दुसऱ्याच दिवशी. संपलं!

सगळ्यात आधी मोठमाय आली. एकटी, त्या मुरमाच्या वाटेनं, सावकाश. तिनं भोंग्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी म्हणालो, "मोठमाय, माह्याच हातानं..."

"चूप बस," ती म्हणाली. कान काढला, पदरानं भोंग्यावरची काजळी पुसली. "गेले. पयल्या खेपेले सांगतलंई नाई. या खेपेले हार घालून गेले." मग तिनं हात झटकले. "चाल, भूक लागली."

संध्याकाळी सवयीनं सगळे शेडमध्ये जमलो. सातपुड्याकडून वारा सुटला. पत्रे कुरकुरले. आम्ही वाट बघितली. वारा भोंग्यातून नुसताच आला आणि गेला. मायनं हळूच डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"आता," बाबा म्हणाले, "अग्नी कोनं देल्ला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाबा, ते मशीन होती!"

"अग्नी कोनं देल्ला?"

ज्यानं अग्नी दिला त्यानं डोकं भादरायचं, ही आमच्याकडची रीत. मशीन असली तरी रीत ती रीत. मोठमाय म्हणाली, "कर बापा, त्याईचं नीट होऊ दे." मग काय! घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट नदीवर जाऊन एका टर्बोचं दहावं करून आला.

तसाच, चमकणारं डोकं घेऊन, कामावर हजर झालो. मॅनेजरसाहेबांनी गंभीर चेहरा केला. "घरात कोणी गेलं का?"

"मोठेबाबा."

ते विचारात पडले. "अहो, ते तर मागे एकदा गेले होते ना? तुम्ही रजा घेतली होती."

खोटं बोलायचं मला शिकवलेलं नाही. मी खरं ते सगळं सांगितलं. साहेबांनी रजेचा अर्ज मंजूर केला, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना टेबलापलीकडून बोलतात. आणि आमच्या मिलमध्ये आता कोणतीही मशीन वेगळा आवाज करायला लागली, की फोरमन आधी तिला नमस्कार करतो, मग मला बोलावून हळूच विचारतो, "सायेब, हे कोन हायेत?"

मी बी. ई. मेकॅनिकल. पहिल्या पहिल्यांदा मी त्याला झापायचो. परवा डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरला बराच वेळ कान लावून मी म्हणालो, "बाईमानूस वाटतेत. ग्रीस दे, आन जरा अदबीनं दे."